नावाचा रकाना

अंदमानाच्या अल्याड, शुक्रवारी,
पाण्यावर नुसती एक कोंदट जागा होती.
बुलेटिनात तिला म्हणाले, कमी दाबाचं क्षेत्र.
उदगीरला उघडीप. दालमिलवाल्यांनी
तूर वाळत घातलेली, आणि मी पांढऱ्या झडपांच्या पेटीत
ओल्या थर्मामीटरची मलमल बदलत होते.

ताशी बासष्टपर्यंत त्याला नाव नसतं.
डिप्रेशन म्हणायचं, मग डीप डिप्रेशन,
पाळण्यातल्याला नुसतं बाळ म्हणावं तसं.
त्रेसष्टला बारसं.
तेरा देशांच्या तेरा आत्या,
प्रत्येकीची यादी आधीच लिहून तयार,
जिची पाळी तिनं कानात कुर्र करायचं.

या खेपेचं नाव मला धड उच्चारता येईना.
माझ्याआधी तीस वर्षं इथं पारा वाचणारे मन्मथअप्पा
फोनवर म्हणाले, ‘नावाचं सोड. टी-नंबर किती?’

टी-नंबर म्हणजे असं:
भर समुद्रात वारा मोजायला कुणी नसतं.
छत्तीस हजार किलोमीटरवरून दिसते फक्त ढगाची पाठ.
एक माणूस बघत बसतो,
वेटोळं किती घट्ट, मधला डोळा किती उघडा,
आणि सांगतो: अडीच. साडेतीन.
‘आडतीवरचंच काम हे,’ अप्पा म्हणायचे,
‘मूठभर दाणे हातात घ्यायचे
आणि पोत्यातली ओल सांगायची.’

रविवारी साडेतीन, तीव्र.
सोमवारी साडेचार, अतितीव्र.
नकाशावर मागची वाट एक बारीक रेघ,
पुढची मात्र शंकूसारखी रुंदावत गेलेली,
कारण उद्याचं थोडं ठाऊक, परवाचं त्याहून थोडं.
शंकूच्या तोंडात निजामाबाद होतं, नांदेड होतं,
आणि कुठंतरी माझी ही गच्ची.

गौस डाळीचा ट्रक घेऊन काकीनाड्यात अडकलेला.
रात्री अकराला त्याचा फोन:
‘मॅडम, पानी उप्पर से नै आरा, बाजू से आरा.’
मग रेंज गेली.

वरून आदेश आला, दर तासाला नोंद.
इथला दाब तसाही दिवसातून दोनदा श्वास घेतो,
सकाळी दहाला वर, दुपारी चारला खाली.
तेवढं वजा करूनसुद्धा
पारा पावणेतीन मिलिबार उतरलेला.
साडेपाचशे किलोमीटरवर जे किनाऱ्याला धडकलं
ते माझ्या भिंतीवरच्या नळीत
नखाएवढं हललं होतं.
मी टॉर्च धरून दोनदा वाचलं.

खम्ममपाशी त्रेसष्टाचे बासष्ट झाले
आणि नाव गळलं.
ना सुतक, ना दहावं.
पुढच्या बुलेटिनात एकच शब्द, अवशेष.
त्याच्या पुढच्यात तोही नव्हता.

बुधवारी ते देवणीकडून आलं.
वारा ताशी अकरा. पेटीची झडपही वाजली नाही.
पाऊस एकाहत्तर पूर्णांक दोन.
चहावाला व्यंकट टपरीचं ताडपत्र ओढत म्हणाला,
‘कुठून यायलीय की ही झड, काही कळंना.’
मला ठाऊक होतं. कोणत्या दिवशी, कोणत्या अक्षांशावर,
किती वाजता त्याचा डोळा मिटला, सगळं.
मी म्हटलं, ‘तिकडून,’
आणि हात पूर्वेला केला.

पर्जन्यमापकातलं पाणी मोजून झालं की ओतून द्यायचं असतं.
मी आधी बोट बुडवून चाखलं.
गोडं होतं.

शुक्रवारी गौस आला.
एक काच गेलेली, उरलेलीवर मिठाचा पापुद्रा,
वायपरनं अर्धवट खरवडलेला.
‘तूफान का नाम क्या था, मॅडम?’
मी सांगितलं, चुकीचं असेल कदाचित.
त्यानं ते दोनदा म्हणून बघितलं,
मग बादलीभर पाणी मागितलं.

वहीत दाब, वारा, ओल, ढग, पाऊस,
असे एकवीस रकाने.
शेऱ्याच्या जागेत मी लिहिलं:
पाणी बाजूने.
मग ते उदगीरचं नव्हे म्हणून खोडलं,
पण वाचता येईल असं.